लहानांची एकजूट आणि लाभाची वाटणी
विकसनशील देशांच्या प्रादेशिक आर्थिक एकात्मतेच्या विचाराचा प्रवास

शेजारच्या देशांनी आपापसांतील आयातशुल्क कमी करावे, शक्य तर काढून टाकावे, एकमेकांसाठी बाजारपेठ खुली करावी आणि एकट्याला न पेलणारे उद्योग मिळून उभारावेत, या कल्पनेला अर्थशास्त्रात प्रादेशिक आर्थिक एकात्मता म्हणतात. वर्तमानपत्रात ‘सार्क’, ‘आसियान’, ‘मुक्त व्यापार करार’ असे शब्द वाचताना हा विषय दिल्लीतील अधिकाऱ्यांचा आहे, गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावाला त्याचे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला या विषयातील मुख्य प्रश्न आपल्याच जिल्ह्याच्या नकाशात दिसतात. लहान घटकांनी एकत्र यावे काय? आले तर कोणत्या अटींवर? आणि एकत्र येण्याने जे वाढते, ते कोणाच्या पदरात पडते? गेल्या पाऊणशे वर्षांत या तीन प्रश्नांना अर्थतज्ज्ञांनी दिलेली उत्तरे कशी बदलत गेली, याचा आढावा या लेखात घ्यावयाचा आहे.

१. संस्थानी मुलखाचा धडा

१९४७ पूर्वीचा दक्षिण महाराष्ट्र डोळ्यांपुढे आणावा. कोल्हापूरचे मोठे संस्थान, त्याच्या आसपास सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी अशी लहान संस्थाने, कागल-इचलकरंजीसारख्या जहागिरी आणि त्यांच्या मधून मधून सातारा व बेळगाव या इंग्रजी जिल्ह्यांचा मुलूख. ठिगळे जोडलेल्या गोधडीसारखा हा प्रदेश होता. एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर राज्यकर्ता बदले, कायदा बदले, कर बदले.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसविली. त्याआधी १८९१ साली कोल्हापूर मिरजेशी रेल्वेने जोडले गेले होते. या दोन्ही गोष्टींचा अर्थ एकत्र लावला पाहिजे. ऊस संस्थानात पिकत होता, गूळ संस्थानात तयार होत होता. परंतु त्याचे गिऱ्हाईक संस्थानाच्या बाहेर, दूरदूरच्या बाजारांत होते. राजा कितीही द्रष्टा असला तरी त्याच्या रयतेच्या मालाला पुरेल एवढी बाजारपेठ संस्थानाच्या हद्दीत मावत नव्हती. लहान राष्ट्रांच्या अर्थकारणातील पहिली अडचण नेमकी हीच आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास औंध, फलटण, सांगली, भोर इत्यादी संस्थानांनी मिळून एक संयुक्त दख्खन राज्य उभारण्याचा प्रयत्न केला. लहानांनी लहानांशी केलेली ही एकजूट होती. ती काही महिनेच टिकली. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही विलीन झाले. विखुरलेला मुलूख, तुटपुंजा महसूल आणि विलीनीकरणाची मागणी करणारी प्रजा, अशा परिस्थितीत केवळ राजेलोकांच्या सहीने झालेला संघ तगणे कठीण होते.

२. बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

संघ कोणामध्ये होतो, राज्यकर्त्यांमध्ये की लोकांमध्ये, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच्या दहा वर्षे आधी विचारला होता. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर व्याख्यान दिले. १९३५ च्या कायद्याने योजलेल्या संघराज्यात एका बाजूला निवडून आलेले प्रांत आणि दुसऱ्या बाजूला संस्थानिकांनी नेमलेले प्रतिनिधी बसणार होते. अशा संघात एकी दिसेल, परंतु संस्थानी प्रजेच्या हाती काहीच येणार नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. एकत्र येणे ही गोष्ट स्वतःच चांगली अथवा वाईट नसते. तिच्यात कोणाला आवाज आहे यावर तिचे मोल ठरते, असा त्याचा आपल्या विषयापुरता अर्थ घेता येईल.

बाबासाहेब मुळात सार्वजनिक वित्तव्यवहाराचे अभ्यासक होते. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यातील पैशाचे संबंध टप्प्याटप्प्याने तपासले. आधी ठोक रक्कम देणे, मग काही महसूल प्रांतांकडे सोपविणे, मग महसुलात वाटा ठरविणे, असे ते टप्पे होते. कोणत्याही संघात तिजोरी कोणाची आणि वाटा किती हा प्रश्न सुटल्याखेरीज बाकीच्या घोषणा पोकळ ठरतात, हे त्या अभ्यासातून उमगते.

पुढे संविधानाच्या ३०१ व्या कलमाने, संविधानातील अन्य तरतुदींच्या अधीन राहून, भारताच्या सर्व प्रदेशात व्यापार आणि दळणवळण मुक्त राहील असे ठरविले. परंतु कलम लिहिले म्हणून रस्त्यावरचे नाके त्याच दिवशी उठत नाहीत. मुंबई शहराची जकात ३० जून २०१७ पर्यंत चालू होती. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा ती गेली. एकाच देशात, एकाच संविधानाखाली एवढा काळ लागला. मग स्वतंत्र राष्ट्रांच्या संघांना किती अडचणी आल्या असतील, याची कल्पना करता येते.

३. व्हायनर आणि प्रेबिश

१९५० साली जेकब व्हायनर यांचा जकात संघांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर असा समज होता की थोडे का होईना शुल्क कमी झाले म्हणजे मुक्त व्यापाराकडे पाऊल पडले, आणि ते हिताचेच. व्हायनर यांनी दाखविले की तसे असेलच असे नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेतीचा एक पंप दूरच्या औद्योगिक देशात ८,००० रुपयांना मिळतो आणि शेजारच्या देशात १०,००० रुपयांना. आपला देश दोन्हींवर ५० टक्के शुल्क घेतो. तेव्हा दूरचा पंप १२,००० ला आणि शेजारचा १५,००० ला पडतो. शेतकरी दूरचा घेतो. त्यातील ४,००० रुपये आपल्या सरकारी तिजोरीत जमा होतात. आता शेजाऱ्याशी करार होऊन त्याचे शुल्क माफ झाले. शेजारचा पंप १०,००० ला मिळू लागला. शेतकऱ्याचे २,००० वाचले, पण तिजोरीचे ४,००० बुडाले. देश म्हणून आपण ८,००० च्या वस्तूसाठी १०,००० मोजू लागलो. यास व्यापारविचलन म्हणतात. याउलट, आपल्याच देशात महागड्या रीतीने बनणारी वस्तू शेजाऱ्याकडून स्वस्त मिळू लागली तर ती व्यापारनिर्मिती. संघाचा फायदा की तोटा, हे या दोहोंपैकी काय अधिक घडते त्यावर ठरते.

या कसोटीवर गरीब देशांचे संघ बहुधा नापास होत. शेजारचे गरीब देश एकमेकांकडून घेणार काय? बहुतेकांकडे कच्चा माल, आणि तोही सारखाच.

याला उत्तर आले ते लॅटिन अमेरिकेतून. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकाविषयक आर्थिक आयोगाचे प्रमुख होते. जगाचे अर्थकारण केंद्र आणि परिघ असे विभागले आहे, परिघावरचे देश कच्चा माल विकत राहिले तर त्यांच्या मालाचा भाव कारखानदारी मालाच्या तुलनेत घसरत जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून परिघाने स्वतःचे उद्योग उभारले पाहिजेत. परंतु लहान देशाच्या बाजारात आधुनिक कारखाना पुऱ्या क्षमतेने चालत नाही. तेव्हा अनेक देशांचा मिळून सामाईक बाजार हवा. १९६५ साली कूपर आणि मॅसेल यांनी हाच मुद्दा सिद्धान्ताच्या भाषेत मांडला: औद्योगिकीकरण करायचेच असे ज्या देशांनी ठरविले आहे, त्यांना ते एकेकट्याने करण्यापेक्षा मिळून करणे कमी खर्चाचे पडते.

आपल्याकडील वाचकाला हे समजण्यासाठी लॅटिन अमेरिकेत जाण्याची गरज नाही. बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे नावच दोन नद्यांच्या खोऱ्यांचे आहे. एका गावाच्या उसावर साखर कारखाना चालत नाही. गूळाचे गुऱ्हाळ चालते. अनेक गावांनी आपला ऊस आणि भागभांडवल एकत्र केले तेव्हाच चिमणी उभी राहिली. प्रेबिश राष्ट्रांविषयी तेच सांगत होते.

४. संघ का फुटले?

या विचाराच्या प्रेरणेने १९६० साली लॅटिन अमेरिकेचा मुक्त व्यापार संघ आणि मध्य अमेरिकेचा सामाईक बाजार स्थापन झाले. मध्य अमेरिकेत आपापसांतील व्यापार आरंभी वेगाने वाढला. मात्र नवे कारखाने मुख्यतः ग्वाटेमाला आणि एल साल्वादोरमध्ये उभे राहिले. होंडुरास मागे राहिला. १९६९ साली होंडुरास आणि एल साल्वादोर यांच्यात युद्ध झाले. त्यास भूमिहीन स्थलांतरितांचा प्रश्न कारण होता, तसाच बाजारातील असमान वाट्याचा राग मागे होता. त्यानंतर तो सामाईक बाजार पूर्वीसारखा उभा राहिला नाही.

पूर्व आफ्रिकेचे उदाहरण आणखी बोलके आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांची रेल्वे, टपाल, विमानसेवा आणि चलन वसाहतकाळापासून सामाईक होते. युरोपालाही हेवा वाटावा अशी ती एकात्मता होती. पण कारखाने नैरोबीभोवती एकवटले. १९६७ च्या करारात यावर उपाय योजले गेले. मागे पडलेल्या सदस्याला शेजाऱ्याच्या मालावर मर्यादित कर लावण्याची मुभा मिळाली आणि विकास बँकेने युगांडा व टांझानिया यांना झुकते माप द्यावे असे ठरले. परंतु उपाय उशिरा आणि अपुरे आले. राजकीय वैरही वाढले आणि १९७७ साली तो समुदाय मोडला. १९९९ च्या नव्या कराराने त्याचे पुनरुज्जीवन झाले.

असे का घडते, याचे स्पष्टीकरण स्वीडनचे गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ च्या ग्रंथात दिले होते. बाजार मोकळा सोडला की भांडवल, कुशल माणसे आणि संधी आधीच पुढारलेल्या भागाकडे ओढल्या जातात. मागासलेला भाग अधिक मागासतो, आणि त्याचे मागासलेपण हेच पुढच्या मागासलेपणाचे कारण बनते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीवर १९४४ साली मोठा ग्रंथ लिहिणारे मिर्दाल हेच. वंशाच्या प्रश्नात त्यांना जे दुष्टचक्र दिसले, तेच त्यांना प्रदेशांच्या प्रश्नात दिसले. जातीच्या उतरंडीत पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या समाजाला हे चक्र कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

५. महाराष्ट्राचा स्वतःचा करार

हा अनुभव परदेशांपुरता नाही. १ मे १९६० रोजी स्थापन झालेला महाराष्ट्र हीसुद्धा एका अर्थाने प्रादेशिक एकात्मताच होती. पश्चिम महाराष्ट्र मुंबई प्रांतातून आला, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून, विदर्भ मध्य प्रांतातून. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला निधी, नोकऱ्या व शिक्षणात न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन होते.

बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात एक भाषा बोलणाऱ्यांचे एकच मोठे राज्य असलेच पाहिजे हा आग्रह नाकारला. मराठी भाषकांची चार राज्ये करावीत, असे त्यांनी सुचविले. त्यांत मराठवाड्याचा वेगळा विचार करताना त्या भागाचे मागासलेपण हे त्यांच्यापुढील एक महत्त्वाचे कारण होते. त्यांची सूचना स्वीकारली गेली नाही. परंतु त्यांची काळजी खरी ठरली, याची साक्ष १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात मिळते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे मोजले. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून मराठी राजकारणात रुळला. १९९४ साली संविधानाच्या ३७१ व्या कलमानुसार विकास मंडळे आली. केनिया आणि युगांडा यांना जे जमले नाही, ते एका राज्यात, एका विधिमंडळाखालीही सहज जमलेले नाही. फरक एवढाच की येथे मागे पडलेल्याला तक्रार मांडण्यासाठी सभागृह होते, मत होते आणि मोजमाप होते.

६. खुल्या बाजाराचे युग

१९८० च्या दशकातील कर्जसंकटाने लॅटिन अमेरिकेचे जुने धोरण मोडीत निघाले. १९९० नंतर नवा विचार पुढे आला. संघ हा जगापासून लपण्याचा आडोसा नसावा, जगाच्या बाजारात उतरण्याची तालीम असावी, असे म्हटले जाऊ लागले. यास ‘खुला प्रादेशिकवाद’ म्हणतात. १९९१ चा दक्षिण अमेरिकेतील मर्कोसुर आणि १९९२ चा आसियानचा मुक्त व्यापार करार या काळातले. आग्नेय आशियाचे यश मुख्यतः शुल्ककपातीत नव्हते. एकाच यंत्राचे भाग निरनिराळ्या देशांत बनून एका देशात जुळविले जाऊ लागले, त्यासाठी बंदरे व रस्ते सुधारले, हे त्याचे मर्म होते.

दक्षिण आशिया मात्र मागे राहिला. १९८५ साली ढाक्यात सार्कची स्थापना झाली, २००६ पासून मुक्त व्यापार करार लागू झाला. तरी या देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे पाच टक्क्यांच्या आसपासच रेंगाळला. २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर शिखर परिषद झालेली नाही. संशय आणि सीमेवरचा ताण यांपुढे अर्थशास्त्र हतबल होते, हा त्याचा बोध. दोन देशांपुरते करार त्यामानाने चालले. भारत-श्रीलंका करार २००० साली लागू झाला. त्यात एक गंमत घडली. श्रीलंकेत पामतेलावरील शुल्क कमी होते. तेव्हा तेथे तेल आणून, वनस्पती तूप बनवून ते सवलतीत भारतात येऊ लागले. अखेर भारताला मर्यादा घालावी लागली. माल खरोखर कोठला, हे ठरविणारे नियम किती महत्त्वाचे असतात ते यावरून कळते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आशियातील व्यापक आर्थिक भागीदारीच्या वाटाघाटींतून बाहेर पडला. त्यामागे न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती हे एक मोठे कारण होते. दोन म्हशींच्या दुधावर घरखर्च चालविणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुटुंबाला ती धास्ती काय असते हे ठाऊक आहे. याच सुमारास आफ्रिकेने उलट दिशा धरली. मार्च २०१८ मध्ये किगाली येथे खंडव्यापी मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला. वसाहतींनी आखलेल्या सीमा ओलांडण्याचा हा मोठा प्रयत्न आहे. त्याची कसोटी जुनीच राहील: लहान व मागास सदस्यांच्या पदरात काय पडते?

७. आपल्या जिल्ह्यातील तीन दाखले

काळम्मावाडीचे दूधगंगा धरण महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा संयुक्त प्रकल्प आहे. धरण आपल्याकडे, पण पाण्यात वाटा दोघांचा, आणि तो आधी ठरलेला. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्ये भांडत असतानाही हे घडले. वाटा लिखित आणि मोजलेला असेल तर वैरी शेजारीही सहकार्य करू शकतात, हा पहिला दाखला.

दुसरा दाखला सहकारी साखर कारखानदारीचा. तिने या मुलखात पैसा, रस्ते, शाळा आणल्या, हे निर्विवाद आहे. परंतु सभासद होण्यासाठी ऊस हवा आणि उसासाठी जमीन हवी. ज्याच्याकडे जमीन नाही तो या एकजुटीत मजूर म्हणून येतो. वार्षिक सभेत त्याला हात वर करता येत नाही. त्यात आपल्या समाजातील किती कुटुंबे मोडतात, हे वाचकांनीच मोजावे. संघ लहानांचा असला तरी त्यातही कोणी अधिक लहान असतो.

तिसरा दाखला आशेचा आहे. कोल्हापुरी चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये जाहीर झाले, ते एका जिल्ह्याचे नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे ते सामाईक मानांकन आहे. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे ते संयुक्तपणे आहे. चर्मकार कारागिराच्या हाताला राज्याची सीमा ठाऊक नव्हती; कायद्याने ते वास्तव मान्य केले. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या कंपनीने तशाच चपला मूळ न सांगता मांडल्या, तेव्हा टीका झाली आणि कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. एकेकट्या कारागिराचा आवाज तेथवर पोहोचला नसता. आता या नावाने मिळणारा पैसा दलाल आणि दुकानदार यांच्याकडे न थांबता चामडे कमावणाऱ्या आणि वेणी घालणाऱ्या हातापर्यंत किती पोहोचतो, हे पाहणे बाकी आहे.

८. समारोप

पाऊणशे वर्षांच्या या विचारप्रवासाचा सारांश असा. आधी प्रश्न होता, संघाने माल स्वस्त होतो काय? मग प्रश्न आला, संघाने उद्योग उभे राहतात काय? फुटलेल्या संघांनी तिसरा प्रश्न शिकविला, उद्योग कोणाच्या दारात उभे राहतात? आणि चौथा प्रश्न, जो बाबासाहेबांनी १९३९ साली विचारला होता, तो आजही अनेक करारांत अनुत्तरित आहे: ज्यांच्या नावाने करार होतो त्यांना त्यात बोलता येते काय?

आपले अनेक माजी विद्यार्थी आज बँकांत, सरकारी कार्यालयांत, शिक्षणक्षेत्रात, व्यापारात आणि परदेशांतही काम करीत आहेत. त्यांच्या टेबलावर एखादी योजना, एखादा करार, एखाद्या संस्थेची घटना येईल, तेव्हा त्यांनी हे चार प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. पालकांनी आपल्या गावच्या सोसायटीच्या आणि दूध संस्थेच्या सभेत ते विचारावेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देणारे तज्ज्ञ पुष्कळ भेटतील. उरलेले दोन प्रश्न मात्र ज्यांचा वाटा हुकतो त्यांनाच विचारावे लागतात, आणि त्यासाठी आकडे वाचता येणारी, कायदा समजणारी मुले-मुली घडवावी लागतात. वसतिगृहयुक्त शाळा चालविण्याचे प्रयोजन अखेर हेच आहे.